बारावीनंतर डी. फार्म की बी. फार्म?

स्वतःचं मेडिकल टाकायचं एवढंच डोक्यात असेल, तर दोन वर्षांचं डी. फार्म, म्हणजे फार्मसीतला डिप्लोमा, पुरतं. महाराष्ट्रात त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर प्रवेश होतो. शिवाय नंतर मन बदललं तर बी. फार्मच्या, म्हणजे फार्मसीतल्या पदवीच्या, थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. औषध निरीक्षक व्हायचं असेल, तर मात्र पदवीच हवी.

ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी कॉलेजचं नाव फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या साइटवर शोधा, मान्यता कोणत्या वर्षाची आहे तेही बघा. ‘मान्यता येतेय’ या ऑफिसातल्या उत्तरावर फी भरू नका. मान्यता नसेल तर रजिस्ट्रेशन अडतं, आणि रजिस्ट्रेशनशिवाय फार्मासिस्ट म्हणून काउंटरला उभं राहता येत नाही. पुढे कुणी आपलं मेडिकल चालवायला तुमचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट भाड्याने मागितलं तर सरळ नाही म्हणा; त्यात रजिस्ट्रेशनच जाऊ शकतं.