नियमपुस्तकातलं ‘सगळ्यांसाठी’ हे पान कसं लिहावं

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळाचं (ज्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतो) नियमपुस्तक मराठीत लिहिताय, गोष्ट सातपुड्यात किंवा तापीकाठी घडते आणि खेळणारे जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे आहेत, तर ‘हा खेळ सगळ्यांसाठी आहे’ असं सांगणारं निवेदन सगळ्यात शेवटी लिहा. छापा मात्र सुरुवातीला, पात्र तयार करण्याच्या प्रकरणाआधी. हे निवेदन म्हणजे दिलेला शब्द आहे. पुढची पानं तो पाळतात का, ते आधी तपासावं लागतं.

तपासणी राक्षसांच्या यादीपासून सुरू करा. ‘डाकीण : जीव १८, हल्ला +४’ अशी नोंद दिसली की ती खोडा. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तरी ठपका पुसला जात नाही. ज्या मुलीच्या आजीवर तो ठपका आला ती टेबलाशी बसलीय आणि बाकीचे डाकिणीला मारायचे गुण मोजताहेत, अशा वेळी पहिल्या पानावरच्या स्वागताला काय अर्थ राहिला? नाव बदलून ‘चेटकीण’ केल्यानेही भागत नाही. डाव उलटा करा : ठपका ठेवून बाईची जमीन लाटणारा माणूस खलनायक, आणि तिला वाचवणं ही मोहीम.

मग पात्रांचे गुण बघा. ‘भिल्ल : ताकद +२, बुद्धी −२’ किंवा ‘पारधी : चोरी +३’ असं काही असेल, तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचंच गणित तुम्ही फाशावर मांडलंय. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोलप्लेइंग खेळानेही २०२४ च्या नियमांत ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ घेतला आणि मूळ गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली. आपल्याकडे हे सोपं आहे. रावेरकडे केळीच्या बागेत राबलेलं पात्र ताकद +२, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा सौदा करणारं पात्र पारख +२. जमात कोणतीही असो.

बोलीचा हिशेब तर मोजूनच करा. पुस्तकातल्या प्रत्येक नमुना संवादापुढे बोलणाऱ्याचा हुद्दा लिहा. राणी, वैद्य, पंडित प्रमाण मराठीत आणि नोकर, चोर, विदूषक अहिराणीत, असं निघालं तर अदलाबदल करा. पंडिताला अहिराणीत बोलू द्या. तसंच ‘आदिवासी’ म्हणून सगळ्यांना एकच देव आणि एकच पोशाख देऊ नका. यावल-चोपड्याकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत, पावरांची भाषा वेगळी आहे.

व्याकरणात बहुतेकांची चूक होते. ‘तू दार उघडतोस’ लिहिलं की खेळाडू पुरुष ठरला. ‘उघडतोस/उघडतेस’ अशी तिरकी रेघ मारत गेलं की वाचणारा दमतो, आणि तृतीयपंथी खेळाडू तरीही बाहेरच राहतो. मराठीत याला तीन साध्या वाटा आहेत. ‘तुम्ही दार उघडता’ यात लिंग कळत नाही. ‘खेळाडूने फासा टाकावा’ इथे क्रियापद फाशाच्या लिंगाप्रमाणे चालतं, खेळाडूच्या नाही. आणि ‘पात्र’ हा शब्द मुळातच नपुंसकलिंगी असल्याने ‘पात्र जखमी होतं’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं. सूत्रधार, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी व्यक्ती, हिच्याबाबतही ‘सूत्रधार सांगतो’ऐवजी ‘सूत्रधाराने सांगावं’. छापण्याआधी फाइलमध्ये ‘तोस’ आणि ‘तेस’ शोधलं की बरीचशी उरलेली वाक्यं सापडतात.

आता निवेदन. शंभरेक शब्द पुरतात. इंग्रजी पुस्तकातलं निवेदन उचलून भाषांतर करू नका. त्यात जात बहुधा नसते, आणि आपल्याकडे टेबल तिथेच तुटतं. ‘आम्ही जात मानत नाही’ हेही नको. ज्याला ती रोज दाखवली जाते, त्याला हे वाक्य पोकळ वाटतं. काय चालणार नाही आणि तसं झालं तर काय होईल, हे स्पष्ट लिहा. नमुना असा :

‘जात, धर्म, जमात, लिंग, बोली, अपंगत्व यांवरून या टेबलावर कुणाला कमी लेखलं जाणार नाही. जातिवाचक शिवी पात्राच्या तोंडीही चालणार नाही. पात्र पुरुष, स्त्री, तृतीयपंथी किंवा याहून वेगळं असू शकतं. त्याला काय म्हणायचं ते खेळाडूने ठरवावं. अहिराणीत बोला, लेवा बोलीत बोला, पावरीत बोला; कळलं नाही तर विचारू. नको असलेला प्रसंग फुलीपत्त्याला हात लावून थांबवता येईल, कारण सांगावं लागणार नाही. हा शब्द मोडला तर डाव थांबेल. पुन्हा मोडला तर मोडणाऱ्याने उठावं.’

फुलीपत्ता म्हणजे जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांचं एक्स-कार्ड. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर मार्करने ठळक फुली काढा आणि सगळ्यांचा हात पोचेल असं मधोमध ठेवा. कुणी हात लावला की सूत्रधाराने तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जावं. बहुतेक पुस्तकांत पुढे कुठेतरी ‘सूत्रधाराचा शब्द अंतिम’ असा नियम असतो, आणि तो हे सगळं गुपचूप रद्द करतो. त्याला जोड द्या : ‘नियमांच्या अर्थाबाबत सूत्रधाराचा शब्द अंतिम, फुलीपत्त्यापुढे कुणाचाच नाही.’

निवेदन मुख्य मजकुराच्याच आकारात, काळ्या शाईत छापा. फिकट राखाडी चौकटीत बारीक अक्षरात मात्रा आणि रफार पुसट होतात, आणि ज्याची नजर अधू आहे त्याच्याच हाती ते पान लागत नाही.

छपाईला देण्याआधी गोष्टीत ज्या समाजांची पात्रं आहेत, त्यांतल्या किमान दोघांना पूर्ण पुस्तक वाचायला द्या. नुसतं निवेदन देऊ नका. वाचनाचे पैसे द्या, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारा. दोघांचं मत वेगळं पडलं तर ज्याला खटकलं त्याचं ऐका. निवेदनाखाली महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी ईमेल टाका. दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं, ते तिथेच दोन ओळींत लिहा.