वाळूच्या चढावर गिअर आधीच ठरवा: जैसलमेरला निघणाऱ्या कोल्हापूरच्या फोर-बाय-फोरवाल्यांसाठी

घाटात तयार झालेल्या ड्रायव्हरचा हात चढ लागला की आपोआप गिअरकडे जातो. करूळ घाटात किंवा आंबा घाटात इंजिन ओढेनासं झालं की क्लच दाबायचा, एक गिअर खाली टाकायचा आणि पुढं निघायचं. डांबरावर त्या पाऊण सेकंदात गाडीचा वेग ताशी दोनेक किलोमीटरनं उतरतो, कुणाच्या लक्षातही येत नाही.

वाळूच्या चढावर हीच सवय गाडी अडकवते. सैल वाळू चाकाला जो अडथळा करते तो गाडीच्या वजनाच्या पाव हिश्शापर्यंत जातो, आणि वर १५ अंशांचा चढ असतो. क्लच दाबला की गाडीला पुढं ढकलणारं काहीच उरत नाही. गणित मांडलं तर पाऊण सेकंदात ताशी १२ ते १५ किलोमीटर वेग जातो. ३० च्या वेगानं चढणारी गाडी नवा गिअर लागेपर्यंत निम्म्यावर येते, मग क्लच सोडताना झटका बसतो, चाकं फिरतात आणि गाडी रुतते. म्हणून वाळूत चढाचा गिअर पायथ्याच्या सपाटीवर ठरतो आणि माथ्यापर्यंत तोच राहतो. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

हवा आधी, गिअर नंतर

टायरमध्ये रस्त्याची हवा ठेवून गिअरची कितीही कसरत केली तरी उपयोग नाही. वाळूत शिरण्याआधी थारसारख्या जड गाडीला १५ ते १६ पीएसआय, जिमनी किंवा जिप्सीला १३ ते १४. सकाळी थंड टायरवर मोजा, कारण उन्हात आणि चालवण्यानं दोन-तीन पीएसआय वाढतात आणि दुपारी पुन्हा थोडी सोडावी लागते. एवढ्या कमी हवेवर स्टिअरिंग झटक्यानं वळवलं तर टायर रिमवरून निघतो. वळण मोठं घ्या, आणि डांबराला लागण्याआधी हवा भरा. कॉम्प्रेसर गाडीतच हवा, वाळवंटात पंक्चरवाला नसतो.

फोर-हाय की फोर-लो

फोर-हाय म्हणजे चारही चाकांना ताकद, नेहमीच्या गतीला; फोर-लो म्हणजे तेच, पण प्रत्येक गिअरला गती कमी आणि ताकद जास्त. बरेच जण फोर-लो म्हणजे फक्त दगडधोंड्यांत रांगण्यासाठी असं धरून चालतात आणि वाळूत फोर-हायवरच अडून बसतात. खरं तर फोर-लोनं तुम्हाला जास्त ताकद मिळते तशा मधल्या पायऱ्याही मिळतात, आणि वाळूत त्याच कामाला येतात.

पाच गिअरच्या जिमनीचं उदाहरण घ्या. तिचा लो-रेंज साधारण दुप्पट आहे. ४००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), मूळ मापाच्या टायरवर, फोर-लोच्या पहिल्यात गाडी ताशी सुमारे १४ किलोमीटरनं जाते, दुसऱ्यात २७ नं, तिसऱ्यात ३७ नं आणि चौथ्यात ५२ नं. फोर-हायचा पहिला सुमारे २८ आणि दुसरा सुमारे ५३. म्हणजे फोर-लोचा चौथा आणि फोर-हायचा दुसरा जवळजवळ एकच. पण फोर-हायमध्ये २८ आणि ५३ च्या मध्ये काहीच नाही. तिथं फोर-लोचा तिसरा बसतो, आणि मध्यम उंचीच्या चढाला लागणारा वेग बरोबर तिथलाच असतो.

शिवाय जिमनीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, १३४ न्यूटन मीटर, तोही ४००० आरपीएमला. फोर-हायच्या दुसऱ्यात वेग ३० च्या खाली आला की इंजिन २२०० च्या आसपास येतं आणि तिथं त्यात दम नसतो. फोर-लोच्या तिसऱ्यात त्याच वेगाला ३२०० च्या वर राहतं. कमी ताकदीच्या पेट्रोल गाडीनं वाळूत फोर-लो लावून तिसरा हाच मुख्य गिअर समजावा. सुई ३५०० ते ५००० मध्ये ठेवा, आवाजाला घाबरू नका.

डिझेल थारचं वेगळं. तिचे ३०० न्यूटन मीटर १६०० पासून २८०० पर्यंत मिळतात, त्यामुळं १८०० ते ३००० हा पट्टा. रुंद, लांब धाव मिळणाऱ्या चढाला फोर-हायचा दुसरा पुरतो, आखूड आणि उभ्या चढाला फोर-लोचा तिसरा. डिझेलमध्ये ३५०० च्या वर ताणण्यात अर्थ नाही, तिथं आवाज वाढतो, ओढ कमी होते.

फोर-हायमधून फोर-लोमध्ये जाताना गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मग लिव्हर ओढा. ही थांबण्याची जागा कडक जमिनीवर किंवा उतारावर निवडा. बहुतेक गाड्यांत फोर-लो लागला की ईएसपी (गाडीची घसरण रोखणारी यंत्रणा) आपोआप बंद होते. फोर-हायमध्ये ती बटण दाबून धरून बंद करावी लागते. विसरलात तर चाक जरा फिरलं की संगणक इंजिनाची ताकद कापतो आणि ऐन चढावर ॲक्सिलरेटर मेल्यासारखा होतो. अर्ध्यात थांबलेल्या चढाचं हे नेहमीचं कारण आहे आणि लोक उगाच इंजिनाला दोष देतात.

उभ्या गाडीतून निघताना

फोर-लोचा पहिला वापरू नका. त्यात चाकावर इतकी ताकद येते की गाडी हलण्याआधी चाक फिरून खड्डा करतं. निघालीच तरी १४ च्या वेगाला इंजिन ४००० वर पोचतं आणि लगेच दुसरा टाकावा लागतो, तोही गाडीला अजून गती नसताना. दुसऱ्यातच उठा. क्लच एका दमात, पण आपटून नव्हे, पूर्ण सोडा. अर्धा दाबून धरलेला क्लच वाळूत पाच-सहा वेळा केला की जळका वास येतो. वास आला की दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवा, नाहीतर प्लेट वाळवंटातच संपेल.

थांबतानाही ब्रेक मारू नका. ब्रेकनं चाकापुढं वाळूची आडवी उंची तयार होते आणि पुढच्या वेळी तीच चढून निघावं लागतं. ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या, आणि थांबताना तोंड उताराकडं असू द्या.

सपाटीवरचा शिफ्ट

दुसऱ्यातून तिसरा टाकायचा तो पायथ्याच्या किमान तीन-चार गाड्यांइतकं अंतर आधी. रस्त्यावर जिथं गिअर बदलता त्याहून हजारेक आरपीएम वर जाऊन बदला, कारण वाळूत क्लच दाबल्याबरोबर गाडीचाही वेग पडतो आणि नवा गिअर अपेक्षेपेक्षा खाली लागतो. जिमनीत दुसरा ५००० पर्यंत ओढा. त्या वेळी वेग ३३ च्या आसपास असतो. बदलताना तो २७-२८ झाला तरी तिसऱ्यात ३००० आरपीएम मिळतात आणि गाडी सावरते. ३५०० ला बदललात तर तिसरा २००० च्या खाली लागेल आणि गाडी धापा टाकेल.

हात आधीच लिव्हरवर हवा. तळव्यानं लिव्हरवर हलका दाब द्यायला लागा, मगच क्लच दाबा, म्हणजे क्लच दबताच लिव्हर स्वतःहून निघतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडू नका, निम्म्यावर आणा. दुसऱ्यातून तिसरा टाकताना लिव्हर मध्ये न्यूट्रलला मोकळा सोडा, स्प्रिंगच त्याला तिसऱ्याच्या रांगेत आणते. घाईनं उजवीकडं ढकललात तर पाचवा लागतो.

चढावर गिअर खाली टाकायची एकच परवानगी आहे: सुई पडायला लागल्याबरोबर, चढाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, आणि चढ पुढं सौम्य होताना दिसत असेल तर. माथा गाडीभर अंतरावर आहे आणि इंजिन दमतंय, अशा वेळी क्लचला हात लावू नका. ॲक्सिलरेटर तसाच धरा आणि स्टिअरिंग बोटभर डावी-उजवीकडं हलवत राहा. टायरच्या कडा नवी वाळू पकडतात आणि पुष्कळदा तेवढ्यानं माथा येतो.

ऑटोमॅटिकला 'डी'मध्ये सोडू नका. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्स स्वतःहून खाली येतो, चाकाला झटका बसतो आणि ते घसरतं. थारमध्ये मॅन्युअल मोड लावून दुसरा किंवा तिसरा पकडा, जिमनीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर '२' वर ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरमुळं (क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग) ओढ तुटत नाही, वाळूत हा मोठा फायदा आहे. पण तेल तापतं. तापमानाचा दिवा लागला की न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून थांबा.

माथा आणि पलीकडची बाजू

टेकडीची वाऱ्याकडची बाजू दाबलेली आणि सौम्य असते, पलीकडची सैल आणि ३२ ते ३४ अंशांची. त्या वाळवंटात मुख्य वारा नैऋत्येचा, त्यामुळं चढ साधारण त्या बाजूनं शोधा. तरी प्रत्येक माथा आधी उतरून, पायी जाऊन पाहा. माथ्याच्या गाडीभर अलीकडं ॲक्सिलरेटर सोडा. पुढची चाकं ओलांडून गाडीचं पोट माथ्यावर टेकलं तर चारही चाकं निकामी होतात आणि फावड्याशिवाय सुटका नाही.

उतरताना फोर-लोचा पहिला किंवा दुसरा, नाक सरळ खाली, क्लचवर पाय नाही. गाडीची शेपटी बाजूला सरकायला लागली तर ब्रेक मारू नका, हलका ॲक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. तिरकं उतरणं म्हणजे उलटण्याला आमंत्रण.

चढ फसला तर

गती संपतेय असं वाटताच ॲक्सिलरेटर सोडा. चाकं फिरवत राहिलात तर पाच सेकंदात एक्सल टेकतो. ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा आणि आपल्याच चाकोरीतून सरळ मागं या. इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून घरंगळू नका, आणि चढावर वळवायचा मोह तर अजिबात नको. दुसऱ्या प्रयत्नाला गिअर तोच ठेवा, धाव वाढवा, हवा दोन पीएसआय कमी करा. तीन प्रयत्नांत नाही झालं तर दुसरी वाट शोधा, कारण दर प्रयत्नाला त्या वाटेवरची वाळू आणखी सैल होते.

निघण्याआधी, इथंच

कोल्हापूरहून जैसलमेर १४०० किलोमीटरच्या आसपास. तिथं जाऊन पहिल्यांदा शिकण्यापेक्षा हात इथंच बसवा. कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी घालू नका, कारवाई होते आणि भरती कुणाचं ऐकत नाही. नदीचं पात्रही नको. ऊस तुटल्यावर खोडवा न ठेवलेलं, नांगरून रोटर मारलेलं कोरडं रान सगळ्यात चांगलं. मालकाला विचारा, ठिबकच्या नळ्या आणि पाइपलाइनचे व्हॉल्व्ह कुठं आहेत ते पायी फिरून पाहा. टायर १८ पीएसआयवर आणा, फोर-लोच्या तिसऱ्यात २५ चा वेग धरा आणि क्लच दाबून गाडी किती अंतरात थांबते ते पाहा. मग तेच कडक रस्त्यावर करा. फरक पायाला कळला की शिफ्टची घाई का करायची ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, लिव्हरकडं न बघता.

जॅकखाली ठेवायला १८ मिलिमीटर प्लायवूडचा फूटभर चौरस तुकडा घ्या, वाळूत नुसता जॅक खाली जातो. शिवाजी उद्यमनगरात हवी तशी लोखंडी प्लेट कापून मिळेल. मात्र ओढायचा हुक वेल्डिंग करून लावू नका. चेसीला बोल्टनं बसणारा, भार लिहिलेलाच घ्या, तुटलेला हुक गोळीसारखा येतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ठीक. पहाटे वाळू घट्ट असते, दुपारी तीच टेकडी एक गिअर खालचा मागते. जैसलमेरजवळच्या सम गावाच्या भागातला मोठा पट्टा डेझर्ट नॅशनल पार्कचा, माळढोक पक्ष्याचं घर. तिथं गाडी घालायची नाही. स्थानिक वाटाड्या घ्या, तो मोकळ्या टेकड्या दाखवतो. आणि दोन गाड्यांशिवाय वाळूत शिरू नका. परतल्यावर एअर फिल्टर काढून झटका, ब्रेकच्या ड्रममधली वाळू साफ करून घ्या, आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियलचं तेल तपासा. तेल दुधाळ किंवा खरखरीत लागलं तर लगेच बदला.