जैवरेणूंच्या चाचण्या करताना या चुका टाळा

प्रात्यक्षिकात स्टार्च, शर्करा, प्रथिने, मेद अशा जैवरेणूंची (सजीवांतील रेणूंची) चाचणी फसली की दोष बहुतेक वेळा रसायनांना दिला जातो. प्रत्यक्षात रेणूची रचना समजून न घेता केवळ कृती पाठ केलेली असते. खानदेशात घरोघरी मिळणाऱ्या पदार्थांवरच या चाचण्या केल्या, तर चूक नेमकी कुठे होते ते लवकर कळते.

रावेर-यावलकडच्या हिरव्या केळ्याच्या कापावर आयोडीनचा थेंब टाकला की काप निळा-काळा होतो, कारण कच्च्या गरात स्टार्च भरपूर असतो. केळी पिकताना विकरांमुळे (एन्झाइममुळे) या स्टार्चचे शर्करांमध्ये रूपांतर होते. म्हणून सालीवर काळे ठिपके आलेले केळे स्टार्चच्या चाचणीसाठी घेऊ नये. अर्क उकळून घेतला असेल, तर तो निवू द्यावा, कारण गरम द्रावणात निळा रंग टिकत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ कापसाबाबत होतो. कापूस सेल्युलोजचा आणि सेल्युलोज ग्लुकोजचे, म्हणून आयोडीनने तोही निळा व्हायला हवा, असे अनेक विद्यार्थी गृहीत धरतात. स्टार्चमध्ये ग्लुकोजची एकके जोडणाऱ्या अल्फा बंधांमुळे साखळीला सर्पिल वळण मिळते आणि त्या पोकळीत आयोडीन अडकल्याने निळा रंग दिसतो; सेल्युलोजमधील बीटा बंधांमुळे साखळ्या सरळ राहून एकमेकींना घट्ट बिलगतात, त्यामुळे आयोडीनला तशी जागाच मिळत नाही. एकाच ग्लुकोजपासून अन्नही बनते आणि धागाही, ही या विषयातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. मात्र कोऱ्या कापडाचा तुकडा घेतल्यास तो निळा पडू शकतो. तो रंग कापसाचा नसून कापडाला दिलेल्या खळीतील स्टार्चचा असतो. म्हणून सरकी काढलेली स्वच्छ रुईच वापरावी.

बेनेडिक्ट चाचणीत क्षपणकारक शर्करा, म्हणजे द्रावणातील तांब्याचे क्षपण करणारी शर्करा, असल्यास निळ्या द्रावणाला विटकरी रंग येतो. घरातली साखर घेतली तर द्रावण निळेच राहते, कारण त्या साखरेतील सुक्रोज ही क्षपणकारक शर्करा नाही. ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासोबत उकळल्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात, परंतु त्यानंतर फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घालून आम्ल उदासीन करण्याची पायरी हमखास विसरली जाते. बेनेडिक्ट द्रावण आम्लधर्मी माध्यमात काम करत नाही, म्हणून ही पायरी गाळली की विटकरी रंग येत नाही.

उडदाच्या डाळीच्या अर्कात प्रथिने तपासताना आधी सोडियम हायड्रॉक्साइड घालून मग मोरचुदाच्या सौम्य द्रावणाचे एक-दोनच थेंब टाकावेत. जास्त झाल्यास त्याच्या निळ्या रंगात जांभळी छटा बुडून जाते. सुट्या अमिनो आम्लांना हा जांभळा रंग येत नाही, कारण त्यासाठी अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे पेप्टाइड बंध लागतात.

मेदाला बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लहान एककांची लांब साखळी) म्हणणे हीदेखील चूकच आहे, कारण त्याच्या रेणूत एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, लांबच लांब साखळी नसते. शेंगदाणा कागदावर चोळून पडलेला अर्धपारदर्शक डाग कागद पूर्ण वाळल्यावरच पाहावा. पाण्याचा डाग तोवर नाहीसा होतो, तेलाचा राहतो.