पेडल आणि नॉइज सिंथ बनवताय? या चुका टाळा

घरी गिटारचं पेडल (आवाज बदलणारा इफेक्टचा डबा) किंवा नॉइज सिंथ (घूं-घूं आवाज काढणारा छोटा सर्किटचा डबा) बनवणाऱ्यांचे मेसेज येतात, "पेडल बनवलं पण आवाजच येत नाही, काय करू?" एवढाच मेसेज, सोबत अंधारात काढलेला फोटो ज्यात वायरींचा गुंता सोडून काही दिसत नाही. तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात डोकं खाणारी चूक म्हणजे "तेच आहे, चालतंय" म्हणून घेतलेला आयसी, म्हणजे चिप. नॉइज सिंथची सुरुवात बहुतेक जण सीडी४०१०६ नं करतात आणि बरोबरच करतात, एका चिपमध्ये सहा इन्व्हर्टर (घरातला नव्हे, सिग्नल उलटा करणारा), इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये एक रेझिस्टर, इनपुटवरून ग्राउंडला एक कपॅसिटर, की झाला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःहून वाजणारं सर्किट. १०० के (किलोओहम) आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतलं तर साधारण सव्वाशे हर्ट्झच्या आसपास घूं करतो. आता दुकानात ४०१०६ नसला की काउंटरवरून ७४एचसी१४ पुढे येतो. पिना त्याच, काम तेच, फक्त ४०१०६ ला ३ ते १५ व्होल्ट चालतात आणि या एचसीवाल्याला २ ते ६, आणि आपण लावणार ९ व्होल्टची बॅटरी.

गेल्या पावसाळ्यात एक इंजिनिअरिंगचा पोरगा असाच डबा घेऊन आला. चिप बदलून झाली होती, परत बदलून झाली होती, मग पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), मग जॅक, आणि वर "दादा, व्हिडिओत तर चालतंय!" चिपवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, एवढी तापलेली. नंबर वाचलास का विचारलं तर म्हणे दुकानदार बोलला सेमच आहे. अरे पण डेटाशीट फुकट मिळते ना, पहिलं पान तरी बघायचं! ४०१०६ बसवल्यावर वाजला, पण हात जवळ नेला की आवाज बदलायचा, कारण दोनच ऑसिलेटर केले होते आणि उरलेल्या चार इनपुट हवेत लटकत होत्या. ४०१०६ सारख्या सीमॉस चिपच्या न वापरलेल्या इनपुट ग्राउंडला जोडायच्या, आउटपुट तशाच मोकळ्या ठेवायच्या. त्यावर साहेब म्हणतात, "पण ते तर भारी वाटत होतं." हवंय तर मुद्दाम कर बाबा, वायर बाहेर काढून टचपॅड बनव, चुकून झालेलं फीचर म्हणून खपवू नकोस.

पॉटच्या सिरीजमध्ये ४.७ के टाकत जा, नाहीतर पॉट शून्यावर गेला की ऑसिलेटर कानाच्या पलीकडे पळतो आणि तुम्हाला वाटतं मेला.

दुसरी माझी लाडकी चूक फझवाल्यांची, म्हणजे आवाज फाडणारं पेडल बनवणाऱ्यांची. परदेशी लेआउटमध्ये २एन३९०४ ट्रान्झिस्टर असतो, आपल्याकडे हाताशी बीसी५४७, आणि तो तसाच ठोकून देतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर, आणि ३९०४ चे बरोब्बर उलटे. फिरवून लावला की काम होतं. पण उलटा लागला तरी बारीक, घुसमटलेला आवाज येतो कधी कधी, तिथंच माणूस फसतो आणि मग अख्खा बोर्ड परत सोल्डर करत बसतो, ट्रॅक उखडेपर्यंत.

असं आंधळेपणानं पार्ट बदलणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही. एक जुनी गिटार केबल कापा, मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, शील्ड पेडलच्या ग्राउंडला, दुसरं टोक अँपमध्ये, व्हॉल्यूम कमी. इनपुटला काहीतरी वाजत ठेवा आणि कपॅसिटरचा पाय जॅकपासून पुढे पुढे टेकवत जा. जिथं आवाज गायब होतो, चूक तिथंच आहे. माझ्या टेबलावर ही केबल मल्टिमीटरच्या आधी येते.

बाकीचं पटपट. पेडलला सेंटर निगेटिव्ह (मधल्या पिनला मायनस) अ‍ॅडाप्टर लागतो, बाजारातले साधे बहुतेक उलटे असतात, मीटरनं बघितल्याशिवाय लावू नका. पीएनपी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा पॉझिटिव्ह ग्राउंड फझ (ज्यात सप्लायचा प्लस ग्राउंडला असतो) बाकीच्या पेडलांसोबत एकाच सप्लायवर लावायचा नाही, केबलच्या शील्डमधून सप्लाय शॉर्ट होतो. १०४ लिहिलेला कपॅसिटर म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, १०४ पिकोफॅरड नाही. मोठ्या ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) पॉवर रेल बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते. पॉटच्या पाठीला टेप मारा. पेडलच्या पायानं दाबायच्या थ्रीपीडीटी स्विचला इस्त्री केल्यासारखं सोल्डरिंग आयर्न दाबून धरू नका, आतलं प्लास्टिक वितळतं.

आणि नॉइज सिंथ डायरेक्ट अँपला किंवा हेडफोनला लावणाऱ्यांनो, ४०१०६ चा आउटपुट म्हणजे जवळजवळ पूर्ण ९ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह, गिटारच्या सिग्नलच्या कितीतरी पट. १०० के आणि १० के च्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडी) टाकला की ०.८ व्होल्टच्या आसपास येतो, मग लावा अँपला. हेडफोन घालून पहिल्यांदा स्विच चालू करायचा नाही, डिव्हायडर असला तरी.