बालवाडीचं काम आलंय? आधी जमिनीवर बसा

आर्किटेक्चर शिकणारी किंवा नुकतीच ऑफिसात लागलेली मुलं हमखास विचारतात, "बालवाडीचं काम आलंय, सुरुवात कुठून करू?" परदेशी फोटो नंतर बघा. आधी एखाद्या चालू बालवाडीत बाईंची परवानगी काढून सकाळभर जमिनीवर बसा. टेप आणि वही पुरे.

खाली बसलं की पहिली खटकते ती खिडकी. आपल्याकडे खिडकीचा कट्टा बहुतेक तीन फुटांवर, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास असतो. चार वर्षांच्या मुलाची उंचीच जेमतेम मीटरभर. त्याला दिसतं समोरच्या इमारतीचं ग्रिल आणि वर थोडं आभाळ. म्हणून एक तरी कट्टा ४५-५० सेंटिमीटरवर आणा, दोघं बसतील इतका रुंद करा. गज उभे, फट १० सेंटिमीटरहून कमी. आडवे गज दिलेत तर मुलं चढणारच. दादरला अशाच एका कट्ट्यावर दोन मुली कचऱ्याची गाडी मागे घेताना बघत होत्या. "अजून मागे, अजून, बास!" एक ओरडत होती, दुसरी हात दाखवत होती. मागे-पुढे, जवळ-लांब हे शब्द शिकवायला वेगळा तक्ता लागला नसता.

फुजी किंडरगार्टन सगळेच दाखवतात. तोक्योजवळच्या ताचिकावातली तेझुका आर्किटेक्ट्सची ही २००७ची इमारत. लंबगोल छप्पर, त्यावर धावणारी मुलं, छपरातून वर आलेली झाडं. देखणी आहेच. पण मुंबईत तुमच्या वाट्याला येणार सोसायटीचा तळमजला, दोन खोल्या आणि एक पॅसेज. तिथून उचलायचं ते एवढंच, की धावण्याची वाट कुठे संपत नाही. दोन खोल्यांमध्ये एकाऐवजी दोन दारं ठेवा, गोल फेरी तयार होते. खर्च एका दाराचा.

खरं तर आपल्या जवळचं उदाहरण आधी वाचावं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर वर्ग त्यांच्या अंगणात नेला आणि खेळायला आजूबाजूच्याच वस्तू घेतल्या. प्लॅन काढताना म्हणूनच विचारा, बिया, शिंपले, पानं मांडायला मुलाच्या हाताला पोचेल असं शेल्फ कुठे आहे?

आता पाऊस. शाळा जूनमध्ये उघडते आणि पहिल्याच आठवड्यात दारात ओल्या छत्र्या, रेनकोट, चपला आणि रडणारी मुलं एकदम येतात. तिथे छज्जा खोल हवा, बाक हवा, खुंट्या मुलांच्या खांद्याच्या उंचीवर हव्यात, पाणी मोरीकडे वाहून जायला हवं. पॉलिश केलेली कोटा फरशी इथे नको, खरखरीत घ्या. टॉयलेटला लहान कमोड आणि खाली बसवलेलं बेसिन ही चैन नाही. मूल स्वतः हात धुऊन आलं की ताईंचा वेळ वाचतो. दारांच्या बिजागरीकडच्या फटीला बोटं चिमटणार नाहीत असं रबर लावायला सांगा, कंत्राटदार ते आपणहून लावत नाही.

सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढताना सहा फुटी माणसाच्या जागी मीटरभर उंचीचं मूल उभं करा. ऑफिसात हसतील, हसू द्या.

क्लायंट भिंतीवर कार्टून मागणार, हे धरूनच चला. त्याऐवजी जमिनीपासून मीटरभर उंचीचा पट्टा खडूने लिहिता येईल अशा फळ्याच्या रंगाने रंगवून द्या आणि वरची भिंत पांढरी सोडा.