धुक्याने भरलेल्या दरीचे छायाचित्रण

पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सह्याद्रीच्या दऱ्यांत धुके साचण्याची शक्यता चांगली असते. आदल्या दिवशी पाऊस पडून जमीन ओली असेल, रात्री आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमीन झपाट्याने निवते, थंड जड हवा दरीत उतरते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसून धुके खालीच कोंडले जाते. वारा सुटला की हा खेळ संपतो, त्यामुळे सूर्योदयापूर्वी तासभर आधी जागेवर पोहोचावे.

जागा निवडताना दिशा पाहावी. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पूर्वेकडे पाहिल्यास प्रकाश समोरून येऊन धुक्याच्या कडा उजळतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा मात्र पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सूर्य पाठीशी राहतो, कड्याची सावली धुक्यावर पडते आणि नशीब असेल तर इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारे गोल इंद्रधनुष्य, दिसते.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढरे धुके करडे करतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) पाऊण ते एक स्टॉप वाढवावे; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. परंतु हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या कडेला आदळू देऊ नये. सूर्य चौकटीत असेल तर उलट कमी करावे लागते. वाइड लेन्सचा मोह सगळ्यांनाच होतो. माझ्या मते ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स अधिक उपयोगी, कारण धुक्यातून वर आलेली डोंगराची एखादी सोंड किंवा सुळका तिने वेगळा काढता येतो. लेन्सवर दव साचते, तेव्हा कोरडे सुती फडके खिशात ठेवावे. ओल्या कातळावर कड्याच्या टोकाशी ट्रायपॉड लावू नये.