जानेवारीत पास, एप्रिलमध्ये बंद: नवीन पीसीला ताण देऊन कसा तपासायचा

पार्ट कोल्हापूरच्या राजारामपुरीतून घेतलेले असोत की ऑनलाइन मागवलेले, विंडोज चढलं आणि गेम सुरू झाला म्हणजे पीसी तयार झाला असं नाही. कच्चा दुवा लोडखालीच, म्हणजे पूर्ण ताण दिल्यावरच कळतो. तो परत करण्याच्या मुदतीत सापडला तर दुकानदाराशी बोलणं सोपं, नंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच पूर्ण चाचणी उरकून घ्या. त्यात दोन गोष्टी सोडायच्या नाहीत: एका वेळी एकाच भागावर ताण द्यायचा (सगळं एकदम फक्त शेवटच्या टेस्टला), आणि प्रत्येक आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहायचं.

खोलीचं तापमान का, ते आधी पाहू. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हवेच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७८ वर थांबला, तर फरक ५४ अंशांचा. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली ३६ वर गेली की तोच प्रोसेसर ९० च्या आसपास जाणार. मधे फॅनचा वेग वाढतो म्हणून गणित तंतोतंत जुळत नाही, पण अंदाजाला पुरतं. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या फॅनजवळ ठेवा, मागे गरम वाऱ्यात नको.

सुरुवात बायॉसपासून, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरपासून. पीसी यूपीएसवर ठेवून बायॉस नवीन करा, मधेच लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरसाठी हे टाळूच नका. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत होते आणि २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या बायॉसमधून आल्या. त्यानंतर सगळं डीफॉल्टवर ठेवा, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद.

पहिली पाळी रॅमची, तीही विंडोज चढवण्याआधी. खराब रॅमवर चढवलेल्या विंडोजच्या फाइल सुरुवातीलाच बिघडतात आणि मग दोष कशाचा, हेच कळेनासं होतं. पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट ८६ टाका, त्यावरून बूट करा आणि टेस्टच्या चारही फेऱ्या (पास) पूर्ण होऊ द्या. ३२ जीबी असेल तर रात्रीच लावून ठेवा. मग एक्सएमपी चालू करून तेच पुन्हा. एक जरी एरर आली तरी रॅम नापास, ‘एकच तर आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. डीफॉल्टवर पास आणि एक्सएमपीवर नापास असेल तर वेग एक पायरी खाली आणून बघा. डीफॉल्टवरच नापास असेल तर एका वेळी एकच स्टिक, प्रोसेसरपासून मोजून दोन नंबरच्या स्लॉटमध्ये लावून तपासा. डीडीआर ५ असेल तर पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका.

आता प्रोसेसर. विंडोजमध्ये तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सर दाखवण्यासाठी उघडा आणि लॉग सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या) फाइलमध्ये साठवायला लावा. प्रोसेसरवर ताण द्यायला आधी सिनेबेंच दहा मिनिटं, मग प्राइम ९५ मधली स्मॉल एफएफटी नावाची टेस्ट अर्धा तास. स्मॉल एफएफटीचा सगळा डेटा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मेमरीत मावतो, त्यामुळे कोअर रॅमची वाट बघत बसत नाहीत आणि जास्तीत जास्त तापतात.

इथे कमाल आकड्यापेक्षा तापमानाच्या आलेखाची चढण बघा, निम्मं निदान तिथेच होतं. टेस्ट सुरू होताच दोन-तीन सेकंदांत प्रोसेसर मर्यादेला भिडला, तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय, स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेत किंवा वॉटर कूलरच्या पंपाची वायर बोर्डवरच्या भलत्याच पिनांवर (हेडरवर) आहे. सुरुवात ठीक आणि मग पंधरा-वीस मिनिटं हळूहळू चढत गेला, तर कॅबिनेटमधली हवा कोंडतेय. बाजूचा पत्रा काढा. पाच अंशांहून जास्त फरक पडला तर दोष कूलरचा नाही, हवेच्या वाटेचा. वॉटर कूलरला मात्र पाणी तापायलाच वीस-तीस मिनिटं लागतात, तिथे दहा मिनिटांच्या टेस्टवर निकाल देऊ नका.

मर्यादा आपल्या मॉडेलची बघा. रायझन ७००० चे एक्सवाले प्रोसेसर पूर्ण लोडला ९५ अंशांपर्यंत जातात, त्यांची रचनाच तशी आहे. इंटेलच्या १२ ते १४ पिढीच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. काळजी तेव्हा करा, जेव्हा एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगपुढे (तापल्यामुळे वेग आपोआप कमी होणं) ‘येस’ दिसतं आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, कंपनीने दिलेल्या बेस वेगाच्याही खाली येतो.

उष्णता पाहून झाली की स्थिरतेसाठी प्राइम ९५ मधलीच ब्लेंड टेस्ट चार-सहा तास. तिचा एखादा वर्कर (टेस्टचा एक धागा) थांबला तर त्याचा नंबर टिपून ठेवा. एचडब्ल्यूइन्फोमधल्या विंडोज हार्डवेअर एररच्या ओळीत शून्यच हवं, पीसी बंद पडला नसला तरी. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या बायॉस सेटिंगने व्होल्टेज कमी केलं असेल तर जड टेस्ट पास होऊनही नुसतं ब्राउझर उघडं असताना पीसी रीस्टार्ट होतो, कारण हलक्या लोडला एकटा कोअर सर्वांत जास्त वेगाने पळतो. त्यासाठी एकेक कोअर आळीपाळीने तपासणारं कोअरसायकलर रात्रभर लावा.

ग्राफिक्स कार्डाला तापवणारी फरमार्क टेस्ट पंधरा मिनिटं पुरे, तेही फक्त उष्णतेसाठी. स्थिरता बघायला युनिजिन हेवन तासभर फिरवा किंवा ओसीसीटीची थ्रीडी टेस्ट लावा, ती एरर मोजते. हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) आणि कार्डाचं तापमान यांत तीस अंशांचं अंतर असेल तर चिप आणि कूलरमधली पेस्ट बहुधा नीट बसलेली नाही. कार्ड स्वतः उघडू नका, वॉरंटीत द्या.

शेवटी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम. ओसीसीटीची पॉवर टेस्ट अर्धा तास चालवा, इथे एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची परीक्षा होते. निळी स्क्रीन आली तर बहुधा रॅम, व्होल्टेज किंवा ड्रायव्हर. काहीही न दाखवता फट्‌दिशी बंद पडला तर एसएमपीएसचं संरक्षण किंवा सैल पॉवर केबल. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्येच हवी. सॉफ्टवेअरचा आकडा ढोबळ असतो, शंका आली तर मल्टिमीटर लावा.

ही टेस्ट आधी थेट भिंतीच्या सॉकेटवर घ्या, मग यूपीएसवर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेमिंग पीसी ४५० वॉट ओढायला लागला की लाइट जाताच यूपीएस ट्रिप होतो आणि बोल एसएमपीएसला लागतो. उद्यमनगर, शिरोलीसारख्या कारखान्यांच्या भागात कॅड-कॅमचं (डिझाइन आणि मशीनिंगच्या कामाचं) पीसी बसवत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कुठलीही टेस्ट करू नका.

फाउंड्रीच्या आसपास बारीक धूळ फिल्टरमधूनही आत जाते. महिन्याभराने खोलीचं तापमान टिपून तीच अर्ध्या तासाची स्मॉल एफएफटी पुन्हा लावा आणि फरक पहिल्या लॉगशी ताडून बघा. पाच-सहा अंश वाढले असतील तर जाळ्या दर पंधरवड्याला झाडाव्या लागतील. सीएसव्ही फाइल आणि बिलाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा, वॉरंटीत पार्ट देताना दोन्ही दाखवता येतील.